भटक्याच्या पडशीतील पुस्तके

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण ढोकी स्टेशनावर उतरलो. मी, माझे एक सहाध्यापक आणि बाकीची सगळी विद्यार्थिमंडळी. तेथून पायी तेर गाठायचे, दिवसभर पांढरीच्या टेकाडावरून हिंडायचे आणि संध्याकाळी परत, असा बेत. दर वर्षी थंडीत आम्ही असा एक तरी फेरा काढतोच. कारखान्याच्या चिमणीला वळसा घालून शिवारात शिरलो, तोच एका पोराने विचारले, "सर, हिंडायला निघायच्या आधी कोणतं पुस्तक वाचावं?"

प्रश्न साधा होता, पण माझे उत्तर काही तेरपर्यंत संपले नाही. वाटेतल्या गप्पा वाऱ्यावर जातात, म्हणून ते जरा सवडीने इथे लिहून काढतो. वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांच्या पायाला भिंगरी आहे, डोंगर दिसला की चढावासा वाटतो आणि पडके देऊळ दिसले की आत डोकवावेसे वाटते, अशांसाठी हे लिहिणे आहे. ज्यांना घरीच वाचायचे आहे, त्यांच्यासाठी ग्रंथालये भरलेली आहेत. मला सांगायची आहेत ती पडशीत टाकून नेण्याजोगी पुस्तके. निदान निघण्यापूर्वी ज्यांची दोन पाने वहीत उतरवून घ्यावीत, अशी.

माझी कसोटी तेरचीच आहे. तेर हे गोरोबाकाकांचे गाव. सगळी संतमंडळी जमली असताना कोणते मडके भाजलेले आणि कोणते कच्चे, हे काकांनी थापटण्याने डोक्यावर थापट्या मारून पाहिले, ही कथा आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पुस्तकाचेही तसेच करावे. ते रानात न्यावे, लिहिणाऱ्याने सांगितलेल्या जागी उभे राहावे आणि थापटी मारावी. पक्का आवाज आला तर पुस्तक खरे. घरात बसून सगळीच मडकी सारखी दिसतात.

पहिले पुस्तक सांगतो ते मराठी नाही, संस्कृतही नाही. ते ग्रीक आहे. दचकू नका. त्याचे नाव 'पेरिप्लस ऑफ दि एरिथ्रियन सी'. म्हणजे तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या जलप्रवासाचे वर्णन. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ते लिहिले. त्याचे नाव कुणाला माहीत नाही. बंदर कोणते, वारा कधी सुटतो, माल कोणता न्यावा आणि कोणता आणावा, एवढ्यापुरता हा माणूस बोलतो. पुस्तक लहान आहे, एका बैठकीत संपते. शॉफ यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९१२ साली निघाले आणि कॅसन यांचे १९८९ साली. दोन्ही चांगल्या ग्रंथालयांतून मिळतात.

या व्यापाऱ्याने दक्षिणापथातल्या दोन मोठ्या पेठांची नावे दिली आहेत. एक पैठण, भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. आणि हे फार मोठे शहर आहे, असे तो आवर्जून सांगतो. पैठणहून अकीकाचे दगड जात. तगरहून साधे जाडेभरडे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि इतर माल जाई. रस्ते नाहीत अशा मोठमोठ्या मुलखातून हे सगळे गाड्यांवर लादून भडोचला पोचवत. एवढेच. चार-पाच ओळींचा मजकूर आहे. पण या चार-पाच ओळींनी पंडितांना शंभराहून अधिक वर्षे घाम फोडला.

तगर कुठे? आपल्या शिलाहार राजांच्या ताम्रपटांत 'तगरपुरवराधीश्वर' असे बिरुद येते, म्हणजे हे राजे आपले मूळ गाव तगर सांगत. ठाण्याला असा एक ताम्रपट सापडला, तेव्हापासून शोध सुरू झाला. १७८८ साली विल्फर्ड यांनी सांगितले, तगर म्हणजे देवगिरी. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी म्हणाले, जुन्नर. रामकृष्णपंत भांडारकरांनी बीडकडच्या धारूरचे नाव सुचवले. सगळी माणसे मोठी, त्यांच्या विद्वत्तेपुढे आपण हात जोडावेत. पण आता तुम्ही एक करा. भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा काढा आणि पट्टी घ्या.

भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर भरते. त्याला वीस दिवस. म्हणजे रोजची चाल सतरा-अठरा किलोमीटरची. लादलेल्या बैलगाडीने आडरानातून याहून जास्त व्हायचे नाही, हे कोणताही शेतकरी तुम्हाला सांगेल. आता याच चालीने पैठणहून दहा दिवस चाला. दौलताबाद तीन दिवसांतच येते, तेही उत्तरेला. जुन्नर तर पैठणच्या पश्चिमेला. तिकडे जायचे म्हणजे व्यापाऱ्याच्या सांगण्याकडे पाठ फिरवूनच जायला हवे. धारूर आग्नेयेला शंभर-एकशे पाच किलोमीटर, म्हणजे सहा-सात दिवस. भांडारकरांचा बाण सगळ्यांत जवळ पडला, पण लागला नाही. त्याच दिशेला आणखी पुढे या. सुमारे दीडशे किलोमीटरवर तेरणेच्या काठी एक गाव लागते. ते तेर.

हा उलगडा १९०१ साली फ्लीट यांनी केला. तोवर ते नोकरीतून निवृत्त होऊन इंग्लंडात परतले होते. गंमत पाहा, त्यांनी तो केला तो नकाशावरून. इंग्रजी नकाशांत या गावाचे स्पेलिंग 'थैर' असे काहीतरी होते, त्यामुळे कुणाच्या ध्यानात येत नव्हते. तगर, त्याचे तयर आणि त्याचे तेर, ही शब्दाची झीज एकदा जुळली आणि अंतरही जुळले. पण प्रकरण इथे संपले असते, तर मी हे तुम्हाला सांगितलेही नसते. नकाशावर बोट ठेवून झाल्यावर कुणीतरी उठून तिथे जायला हवे होते. पुराणवस्तू खात्याचे हेन्री कझिन्स गेले. त्यांनी गाव पाहिले, भोवतालची टेकाडे पाहिली, त्रिविक्रमाचे देऊळ पाहिले आणि पुराणवस्तू खात्याच्या १९०२-०३च्या वार्षिक अहवालात तेरवर लेख लिहिला. तो लेख म्हणजे माझ्या पडशीतले दुसरे पुस्तक.

त्रिविक्रमाच्या देवळापाशी उभे राहून हा लेख वाचावा. देऊळ विटांचे आहे. पाठीमागून जाऊन पाहा. ते चौकोनी नाही, हत्तीच्या पाठीसारखे गोल वळलेले आहे. कझिन्स सांगतात, हे मुळात बौद्ध चैत्यगृह. कार्ल्या-भाज्याला डोंगरात जे कोरले, तेच इथे विटांत उभे केले आणि पुढे त्यात विष्णू येऊन राहिला. असे विटांचे, उभे राहिलेले चैत्यगृह आपल्या देशात फार थोडे. आंध्रात चेझर्ल्याला एक आहे. आमच्यातल्या एका विद्यार्थ्याचे आजोळ तेरचे. तो लहानपणापासून या देवळात येत होता, पण मागे जाऊन त्याने कधी पाहिले नव्हते. पुस्तक हातात होते, म्हणून तो मागे गेला. पुस्तकाने याहून जास्त काय करावे, सांगा.

आता जरा माझीच एक चूक सांगतो, म्हणजे पुढची पुस्तके मी का निवडली ते कळेल.

एकोणीस-वीस वर्षांचा असताना मी पहिल्यांदा तेरला गेलो. वाचलेले काही नव्हते, हौस मात्र दांडगी. पावसाळा नुकताच सरला होता आणि टेकाडाच्या कडा धुऊन निघाल्या होत्या. पांढरीत काय काय वर येते, ते आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको. माळवदावर टाकायला पिढ्यान्‌पिढ्या हीच माती नेलेली, तेव्हा घराघरांच्या धाब्यावर सातवाहनांचे राज्य पसरलेले आहे म्हणा ना! मला एक निळसर मणी सापडला आणि शंखाच्या बांगडीचा एक तुकडा, त्यावर बारीक नक्षी. मी ते काडेपेटीत घातले आणि मोठ्या ऐटीने घरी आणले. कित्येक वर्षे ती काडेपेटी माझ्या टेबलाच्या खणात होती. पाहुणे आले की दाखवायची.

पुढे मी शिकवू लागल्यावर एकदा एक उत्खनन करणारे वयस्क गृहस्थ घरी आले. मी काडेपेटी पुढे केली. त्यांनी मणी भिंगाखाली धरला, पुष्कळ वेळ पाहिला आणि विचारले, "कुठे मिळाला?" मी म्हटले, "तेरला." ते म्हणाले, "तेरला कुठे? नदीच्या अंगाला की गावाच्या? वर पडलेला होता की कडेतून निघाला? निघाला असेल तर वरून किती हातांवर?" मला एकाचेही उत्तर देता येईना. त्यांनी मणी पुन्हा काडेपेटीत ठेवला. चेहऱ्यावर राग नव्हता. फक्त म्हणाले, "मुका केलात हो याला."

तो शब्द माझ्या जिव्हारी लागला. मणी जिथल्या तिथे राहिला असता, तर आज ना उद्या त्याने सांगितले असते: माझ्या वरच्या थरात काय होते, खालच्या थरात काय होते, माझ्या शेजारी रोमन मद्यकुंभाची खापरी होती की नव्हती. मी त्याला उचलले आणि त्याची जीभ कापली. पुढे त्या दोन्ही वस्तू मी तेरच्या संग्रहालयात नेऊन दिल्या, पण हरवलेली जागा काही देता आली नाही. कायद्याने अशी वस्तू परस्पर ठेवून घेता येत नाही, हेही मला फार उशिरा कळले.

त्या संग्रहालयाविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावातल्या या वस्तू गोळा केल्या. मातीबरोबर धाब्यावर जायच्या, त्या वाचवल्या. आज राज्य शासनाचे संग्रहालय त्यांच्याच नावाने आहे. त्यात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच एक मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेतून निघाली आणि ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ज्वालामुखीने पाँपेई गाडले ते इसवी सन ७९ साली. म्हणजे तिकडची मूर्ती त्याच्या आधी समुद्रापार गेलेली. आपल्याकडच्या गाड्या भडोचच्या वाटेने कुठवर माल पोचवीत होत्या, ते या दोन बायकांकडे पाहून समजते. माझ्या मण्याला घर असते, तर तोही या गप्पांत चार शब्द बोलला असता.

तेव्हा निकष ठरला. जे पुस्तक जागा सांगते, ते भटक्याचे. आणि जागा सांगण्यात आपल्या मराठीचा हात धरणारे कुणी नाही, हे मी अभिमानाने सांगतो, कारण महानुभावांची 'स्थानपोथी' आपल्याकडे आहे. चक्रधरस्वामी पायी फिरले ते जवळजवळ सगळा महाराष्ट्र. ते गेल्यावर म्हाइंभटांनी माणसामाणसाला गाठून त्यांच्या आठवणी जमवल्या, त्यातून 'लीळाचरित्र' झाले. 'स्थानपोथी' त्यानंतरची, मुनी व्यासांच्या नावावर असलेली, चौदाव्या शतकातली. तिच्यात तत्त्वज्ञान नाही की कथा नाही. गाव कोणते, गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, देवळाचे तोंड कुणीकडे, आवारात कोणत्या अंगाला स्वामी बसले, कुठे निजले, एवढेच आहे. भक्ताला त्या जागेला नमस्कार करायचा होता, म्हणून त्याने दिशा चुकू दिली नाही. श्रद्धेने का होईना, पण सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी मराठीत नोंदवही ठेवली! डॉ. वि. भि. कोलते यांनी ही पोथी संपादून छापली. गोदाकाठी हिंडायला निघणाऱ्याने ती बरोबर नेल्याखेरीज निघू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भाषा पहिल्या चार पानांना अडते, मग सरावते.

आता धाराशिवकडे वळू. तेरहून फार लांब नाही, आणि पुस्तकाचा धागाही तिकडेच जातो.

शहरापासून काही किलोमीटरवर बालाघाटाच्या कुशीत लेणी आहेत. सहलीला पुष्कळ जण जातात, डबा खातात, फोटो काढतात आणि परत येतात. त्यांनी जाण्यापूर्वी एका अपभ्रंश काव्याची गोष्ट ऐकावी. काव्याचे नाव 'करकंडचरिउ', कर्ता कनकामर नावाचा जैन मुनी, काळ अकराव्या शतकाच्या आसपासचा. यात करकंड राजा दक्षिणेच्या स्वारीवर निघतो आणि तेरापूर नगराजवळ तळ देतो. तिथला राजा त्याला भेटून सांगतो, जवळच्या डोंगरात एक लेणे आहे, आणि वर एक वारूळ आहे, त्या वारुळाची एक हत्ती रोज पूजा करतो. करकंड जातो, वारूळ खणवतो, आतून पार्श्वनाथाची मूर्ती निघते. लेण्यातल्या मूर्तीच्या आसनावर त्याला एक गाठ दिसते. ती शोभत नाही म्हणून तो फोडायला लावतो, तर आतून पाण्याचा लोंढा उसळतो आणि लेणे भरून जाते. राजाला पश्चात्ताप होतो आणि तो तिथे आणखी लेणी करवतो.

हे काव्य १९३४ साली कारंजा जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. संपादक डॉ. हिरालाल जैन, अमरावतीच्या कॉलेजात संस्कृत शिकवणारे. म्हणजे आमच्याच बिरादरीचे. काव्यातले तेरापूर म्हणजे तेर आणि डोंगरातले लेणे म्हणजे धाराशिवचे, हे त्यांनी दाखवून दिले. काव्याच्या काळी तगरचे 'तेर' झालेले होते, हाही पुरावा त्यात आयताच मिळतो. फ्लीट यांच्या हाती १९०१ साली हे छापील पुस्तक असते, तर त्यांचे काम किती सोपे झाले असते!

पण थापटी मारायलाच हवी. धाराशिवच्या लेण्यांचे पहिले पद्धतशीर वर्णन जेम्स बर्जेस यांनी केले. बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतील पुराणवास्तूंवरचा त्यांचा अहवाल १८७८ साली निघाला. ते ही लेणी जैन मानतात. नंतरच्या काही विद्वानांनी लेण्यांची मांडणी पाहून सांगितले, की ती मुळात अजिंठ्याच्या परंपरेतली, बौद्ध, पाचव्या-सहाव्या शतकातली असावीत आणि पुढे जैनांकडे आली. हे खरे मानले, तर कनकामराची गोष्ट निराळीच वाटू लागते. बाहेरून आलेला राजा आधीचे लेणे पाहतो, त्यातले काहीतरी फोडतो, मग पस्तावतो आणि नवे करवतो. एका पंथाची जागा दुसऱ्याकडे कशी आली, त्याची पुसट आठवण तर या लोंढ्याच्या गोष्टीत राहिली नसेल? हा माझा तर्क आहे, सिद्ध काही नाही. लेण्यात उभे राहून तुम्हीही करून पाहा. मुख्य लेण्याच्या अंधारात डोळे सरावले, की बर्जेस बरोबर की दुसरे बरोबर, यावर माझे विद्यार्थी हमरीतुमरीवर येतात. मी मध्ये पडत नाही.

याच मुलखावर एका इंग्रजाने लिहिले आहे, त्याचे नाव घेतलेच पाहिजे. कर्नल मेडोज टेलर. १८५३ साली निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला हा भाग इंग्रजांकडे लावून दिला, तेव्हा टेलर नळदुर्गला कारभारी म्हणून आला आणि १८५७ पर्यंत राहिला. त्याचे आत्मचरित्र, 'दि स्टोरी ऑफ माय लाइफ', त्याच्या मृत्यूनंतर १८७७ साली निघाले. नळदुर्गचा किल्ला, तिथला बंधारा, जमिनीची मोजणी, रस्ते, सगळे त्यात येते. त्याची 'तारा' नावाची कादंबरी १८६३ सालची, ती सुरू होते तुळजापुरात. माणूस डोळस होता, कष्टाळू होता, लोकांत मिसळणारा होता. तरी वाचताना एक गोष्ट विसरू नका. तो घोड्यावर बसून लिहितो. रयत त्याला आवडते, पण ती नेहमी खाली उभी असते. नळदुर्गला गेलात की आधी त्याचे वर्णन वाचा, मग किल्ल्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याला बोलते करा. दोन्ही मिळून जिल्हा समजतो.

घोड्यावरून उतरून लिहिलेले हवे असेल, तर इरावतीबाई कर्वे यांचे 'परिपूर्ती' उघडा. १९४९ सालचे पुस्तक. त्यात वारीवरचा 'वाटचाल' नावाचा लेख आहे. मानवशास्त्राची ही पंडिता दिंडीबरोबर पायी चालली. अभंग एका सुरात म्हणायचे आणि पंगत मात्र ब्राह्मणांची निराळी, इतरांची निराळी, हे तिला सलले आणि तिने ते लपवले नाही. भक्तीने डोळे भरून आले, तरी ते मिटू द्यायचे नाहीत, हे ज्याला शिकायचे त्याने हा लेख वाचावा. मी तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवतो. वर्ग गप्प होतो, एवढे सांगतो.

आणि त्याच वाटेवर दामोदर धर्मानंद कोसंबी. धंद्याने गणिती, पण पुण्याच्या आसपासचे माळ त्यांनी पायांखाली घातले आणि अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारे वेचली. 'मिथ अँड रिअॅलिटी' हे त्यांचे पुस्तक १९६२ साली निघाले. पालखीच्या वाटा पंढरपूरला ज्या मार्गाने जातात, त्याच मार्गाने फार पूर्वी गुरे राखणाऱ्या टोळ्या ऋतूमानाप्रमाणे वर-खाली करीत असाव्यात, असे त्यांनी त्या दगडांच्या आधारे मांडले. सगळे पटेल असे नाही. मलाही सगळे पटत नाही. पण दगड कुठे सापडला, ते कोसंबी सांगतात. माझ्यासारखे काडेपेटीत घालून मोकळे होत नाहीत.

तुम्ही म्हणाल, किल्ल्यांची पुस्तके कुठे आहेत? अहो, ती तुम्हाला मी सांगायला नकोत. गोपाळ नीळकंठ दांडेकरांचे 'दुर्गभ्रमणगाथा' कुणाच्या कपाटात नाही? गोनीदांनी मराठी तरुणांना सह्याद्री चढायला लावला, हे त्यांचे ऋण आहेच. माझी तक्रार त्यांच्याशी नाही, आपल्याशी आहे. आपल्याकडचा पोरगा बार्शी, कुर्डुवाडी करत पुण्याला जातो, तिथून राजगड चढतो. पण नळदुर्ग आणि परांडा त्याने पाहिलेला नसतो. सह्याद्रीची भुरळ मोठी खरी, म्हणून बालाघाटाने काय केले?

रानाचे म्हणाल, तर मारुती चितमपल्ली. हे सोलापूरचे, वनखात्यात आयुष्य काढले आणि २०२५ साली गेले. त्यांची 'रानवाटा', 'पक्षी जाय दिगंतरा' आणि 'पक्षिकोश' ही पुस्तके इतिहासाच्या माणसालाही लागतात. कारण रानातल्या माणसांच्या तोंडचे शब्द त्यांनी वेचून ठेवले. खापरी मुकी होते, तसा शब्दही मुका होतो. येडशीच्या रामलिंगाच्या दरीत पक्षी पाहायला जाणाऱ्याने कोश बरोबर न्यावा आणि गुराख्याला विचारावे, तुम्ही याला काय म्हणता? कोशात नसलेला शब्द मिळाला, तर त्या दिवसाची पायपीट वसूल झाली समजा.

उस्मानाबाद जिल्ह्याचे गॅझेटिअर, १९७२ सालचे, जाडजूड आहे. ते पडशीत घालू नका, खांदा दुखेल. ज्या गावी जायचे त्याचे पान उतरवून घ्या. आणि गॅझेटिअर वाचताना आपण ज्या स्टेशनावर उतरतो त्याचीही थोडी आठवण ठेवा. अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली आणि १९११ साली लातूरला पोचली. ढोकी त्याच वाटेवरचे. २००७-०८च्या सुमारास रूळ रुंद झाले, गाडीचा वेग वाढला. माझे वडील सांगत, चालत्या गाडीतून उतरून शेंगा तोडून पुन्हा चढता येई. यावर थापटी मारायला आता ती गाडी नाही. तेव्हा ही ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच घ्या.

सगळ्यांत शेवटी एक पुस्तक राहिले. ते छापलेले नाही. शंभर पानी वही, कोणत्याही दुकानात मिळणारी. तेरच्या त्या रविवारी निघताना मी प्रत्येकाला एकेक वही घ्यायला लावली होती. दिवस मावळताना देवळाच्या पायरीवर बसून ती पाहिली. बहुतेकांनी 'फार छान वाटले' वगैरे लिहिले होते. वय तसेच असते. ज्याने सकाळी प्रश्न विचारला होता, त्या पोराची वही मात्र निराळी होती. त्याने लिहिले होते, की टेकाडाच्या नदीकडच्या कडेला, पायवाट वळते तिथून बारा पावलांवर, पावसाने उघड्या पडलेल्या थरात, जमिनीपासून साधारण कमरेइतक्या उंचीवर, लाल खापराचा काठ दिसतो. शेजारी राखेचा पट्टा आहे. खाली पेन्सिलीने आकृती. आणि त्याखाली: हात लावला नाही.

मी त्याला विचारले, "उचलावंसं नाही वाटलं?" तो म्हणाला, "वाटलं, सर. फार वाटलं."

ते पान आम्ही उतरवून संग्रहालयात नेऊन दिले. पुढचा फेरा धाराशिवच्या लेण्यांचा आहे. करकंडाची गोष्ट त्याच पोराने सांगायची आणि बर्जेसची बाजू माझ्या सहाध्यापकांनी मांडायची, असे ठरले आहे. तुम्हाला यायचे असेल तर जरूर या. वही आणि पेन्सिल आणा, आणि पाणी मात्र घरूनच भरून घ्या.